राहून वाचवलेली घरं

बँकेच्या नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला काही सवयी कायमच्या जडतात. कोणाच्या घरी गेलो, की माझी नजर आधी भिंतीतल्या ओलीकडे जाते, मग छताकडे, आणि यजमानांनी चहा विचारेपर्यंत मनातल्या मनात तारणाची किंमत मांडून झालेली असते. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नाही. या खोडीपायीच एका मेलेल्या माणसाशी माझी ओळख झाली. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे.

१९९६ साली पुण्यातल्या कसबा पेठेतल्या एका वाड्याची फाइल माझ्या टेबलावर आली. वाडा पाडून तिथे चार मजली इमारत बांधायची होती आणि त्यासाठी बिल्डरला कर्ज हवं होतं. कागद चोख होते. व्हॅल्युअरच्या अहवालात जमिनीपुढे लाखांचा आकडा होता आणि त्याखाली, इमारत या शब्दापुढे, शून्य. घसारा धरत गेलं, की दीडशे वर्षांच्या इमारतीची किंमत तेवढीच उरते. मी तो वाडा पाहिला होता. दगडी जोतं, सागवानी खांब, चौकात तुळशीवृंदावन आणि कोपऱ्यात आड. वर्षभर आधी त्याच वाड्याचे मालक माझ्याकडे दुरुस्तीसाठी कर्ज मागायला आले होते. तुळया बदलायच्या होत्या, संडास नीट करायचे होते. भाडेकरूंकडून महिना बारा-पंधरा रुपये भाडं यायचं आणि तारण म्हणून शून्य किमतीची इमारत. तो अर्ज मी परत केला होता. बिल्डरच्या अर्जावर मात्र सही केली. दोन्ही वेळा नियमाप्रमाणेच वागलो. तरीही तो शून्य अधूनमधून माझ्या डोळ्यांपुढे येत राहिला.

पुढे तीन वर्षांनी माझी बदली इंदूरला झाली. राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी घरं पुष्कळ. अशाच एका घरात एका वृद्ध गृहस्थांनी मला आपल्या वडिलांकडून ऐकलेली दिवाळीची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पांढऱ्या दाढीचा, विस्कटलेल्या केसांचा एक साहेब इंदुरात आला होता. महाराजांनी त्याला एक दिवसाचा राजा केलं आणि त्याने प्लेगच्या उंदराची मिरवणूक काढली. मला ती दंतकथा वाटली. मग एका जुन्या ग्रंथालयात त्या साहेबाचा १९१८ साली छापलेला दोन खंडांचा अहवाल हाती आला आणि मी तो कादंबरीसारखा वाचून काढला. साहेबाचं नाव पॅट्रिक गेडिस. नगररचनेच्या शास्त्राचा एक जनक म्हणून जगभर त्याचं नाव घेतलं जातं. माझं कुतूहल मात्र वाढलं ते वेगळ्याच कारणाने. तरुणपणी हा माणूस बँकेत कारकून होता.

गेडिसचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधल्या बॅलटर या लहानशा गावचा. वडील सैन्यात होते. पुढे कुटुंब पर्थ शहराबाहेरच्या टेकडीवर राहायला गेलं. घर साधं, पण भोवती बाग होती आणि टेकडीवरून सगळं शहर आणि नदी दिसायची. वडिलांनी मुलाला झाडं लावायला शिकवलं, डोंगर चढायला शिकवलं. पण मुलगा वयात आल्यावर त्यांनी तेच केलं जे आपल्याकडचे वडील करतात. त्याला बँकेत चिकटवलं. गेडिसने सुमारे दीड वर्ष खातेवह्या लिहिल्या, हिशेब चोख ठेवले आणि मग ती नोकरी सोडली. पुढे जन्मभर त्याचा जमाखर्च कधी जुळला नाही.

त्याला वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. एडिंबरा विद्यापीठात तो गेला आणि आठवड्याभरात बाहेर पडला. तिथे वाळलेल्या, कापलेल्या वनस्पती शिकवत होते आणि याला जिवंत वनस्पती पाहायच्या होत्या. मग लंडनला थॉमस हक्स्लेच्या हाताखाली त्याने जीवशास्त्राचे धडे घेतले. पदवी मात्र कधीच घेतली नाही. १८७९ साली संशोधनासाठी तो मेक्सिकोला गेला आणि तिथे त्याचे डोळे गेले. काही आठवडे डोळ्यांवर पट्ट्या बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागलं. असं सांगतात, की त्या दिवसांत तो खिडकीची तावदानं बोटांनी चाचपायचा आणि एकेका चौकटीत एकेक विचार मांडून त्यांचा एकमेकांशी संबंध लावायचा. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून जन्म काढणं आता शक्य नव्हतं. सूक्ष्म पेशी पाहणारा हा माणूस मग गल्ल्या आणि घरं पाहू लागला.

त्या वेळच्या एडिंबराची अवस्था समजून घेतली पाहिजे, कारण ती आपल्याला परकी वाटणार नाही. किल्ल्यापासून उतरत जाणारा एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना फुटणारे अरुंद बोळ आणि बोळांत दगडी, अनेक मजली घरं. एके काळी या घरांत सरदार, वकील आणि कोळी एकाच जिन्यावर राहत. १७६७ मध्ये दरीपलीकडे नवं शहर आखलं गेलं. सरळ रस्ते, मोकळी हवा. पैसेवाले हळूहळू तिकडे निघून गेले. मागे राहिलेल्या घरांचे तुकडे झाले. एकेका दालनात एकेक कुटुंब, पाणी खालून भरायचं, मैला खिडकीतून टाकायचा. १८६१ साली हाय स्ट्रीटवरची अशी एक इमारत रात्री कोसळली आणि ३५ माणसं मेली. मग १८६७ साली शहर सुधारणेचा कायदा आला. सुधारणा म्हणजे पाडापाडी. जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढले गेले. तिथली माणसं कुठे गेली? शेजारच्या बोळात. त्या बोळातली गर्दी दुप्पट झाली.

गेडिस १८८० पासून एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रयोग शिकवत होता. १८८६ मध्ये त्याचं लग्न झालं. ॲना मॉर्टन ही लिव्हरपूलच्या सुखवस्तू व्यापाऱ्याची मुलगी, संगीत जाणणारी, समाजकार्याची ओढ असलेली. कुठल्याही प्राध्यापकाने अशा बायकोसाठी नव्या शहरात घर घेतलं असतं. गेडिस नवरा-बायको जेम्स कोर्ट नावाच्या जुन्या चौकात राहायला गेले. तत्त्वज्ञ ह्यूम एके काळी या चौकात राहत असे. आता तिथे मजूर आणि त्यांची कुटुंबं दाटीवाटीने राहत होती आणि चौक घाणीने भरला होता.

मला या आयुष्यात सगळ्यात जास्त काही आवडलं असेल तर ते हे स्थलांतर. हे दोघं तिथे गरिबांना उपदेश करायला गेले नव्हते. भाडेकरू जसा नव्या बिऱ्हाडी जातो तसे गेले. आधी स्वतःच्या खोल्या घासल्या, चुन्याने रंगवल्या. खिडक्यांत फुलझाडं ठेवली. शेजाऱ्यांना चुना आणि कुंचले दिले. मागच्या बाजूला उजेड अडवणारी एखादी पडकी खोली असली तर तेवढीच काढली आणि त्या जागी हवा येऊ दिली. १८८७ साली त्यांची थोरली मुलगी नोरा जन्मली. हळूहळू शेजारच्या बायका आपापले जिने धुऊ लागल्या. आपल्याच चौकात तान्हं मूल वाढवणाऱ्या बाईचं शेजारणी ऐकतात, हे काही मी वेगळं सांगायला नको.

पण नुसत्या चुन्याने शंभर वर्षांचा प्रश्न सुटत नाही, हे गेडिसला ठाऊक होतं. जुन्या घराला जगायचं असेल तर त्याला भाडं देणारं कुळ हवं. त्याने विद्यार्थ्यांना आणलं. १८८७ मध्ये त्याने तिथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केलं. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत. स्कॉटलंडमधलं हे अशा तऱ्हेचं पहिलं वसतिगृह. पुढच्या काही वर्षांत आसपासची जुनी घरं दुरुस्त करून ते वाढवलं. त्यांतलं एक रिडल्स कोर्ट. सोळाव्या शतकातल्या एका धनाढ्य व्यापाऱ्याचं हे घर. १५९८ मध्ये इथे राजासाठी मेजवानी झाली होती. लेडी स्टेअर्स हाउस हे १६२२ चं घर पाडायच्या बेतात होतं. गेडिसच्या खटपटीने लॉर्ड रोझबरी यांनी ते विकत घेऊन दुरुस्त करवलं आणि १९०७ मध्ये शहराला देऊन टाकलं. किल्ल्याजवळ ॲलन रॅम्झी या कवीचं जुनं अष्टकोनी घर होतं. ते न पाडता त्याच्याभोवती १८९० नंतर नवी घरं बांधली, आणि ज्या प्राध्यापकांनी जुनं शहर सोडलं होतं त्यांना परत तिथे राहायला बोलावलं. स्वतः गेडिसही आपल्या कुटुंबासह तिथे राहिला. १८९२ मध्ये त्याने जवळचाच एक मनोरा घेतला. त्याच्या गच्चीवरच्या खोलीत भिंगांच्या रचनेतून सगळ्या शहराचं हलतं चित्र टेबलावर उतरायचं. ते पाहून एकेक मजला खाली यायचं. आधी आपलं शहर, मग आपला देश, मग युरोप, तळाशी सगळं जग.

आता हिशेबाचं. गेडिसने घरं घेतली ती कर्ज काढून. बायकोचा पैसा गेला, मित्रांचा अडकला. एका इमारतीचा आराखडा पुरा व्हायच्या आत तो दुसरीचा व्यवहार ठरवी. शेवटी १८९६ साली मित्रांनी एक कंपनी काढली आणि त्याची घरं तिच्या ताब्यात घेतली, म्हणून तो तरला. डंडीच्या कॉलेजातलं प्राध्यापकपदसुद्धा एका श्रीमंत मित्राच्या देणगीतूनच निर्माण झालं होतं; तिथे उन्हाळ्याच्या सत्रापुरतंच शिकवायचं होतं. माझ्या काळात असा खातेदार काउंटरवर आला असता तर मी त्याला नम्रपणे परत पाठवलं असतं, यात शंका नाही. पण रिडल्स कोर्ट उभं आहे. लेडी स्टेअर्स हाउसमध्ये आज लेखकांचं संग्रहालय आहे. १९९५ साली एडिंबराचं जुनं आणि नवं शहर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. म्हणजे तारण अगदीच बुडीत नव्हतं.

तो साठीत पोचला तेव्हा मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्याला हिंदुस्थानात बोलावलं. वर्षानुवर्षं जमवलेले नकाशे, चित्रं, आराखडे यांचं त्याचं एक मोठं प्रदर्शन होतं. ते क्लॅन ग्रँट नावाच्या जहाजाने पुढे पाठवलं. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने ते जहाज बुडवलं. गेडिस दुसऱ्या बोटीने आला. मित्रांनी विलायतेत धावपळ करून नवे नकाशे जमवले आणि १९१५ च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलं.

त्या काळात आपल्या शहरांवर प्लेगची छाया होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांतून रुंद रस्ते निघू लागले. सरकारी इंजिनिअर नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढायचे आणि त्या रेघेखाली येईल ते घर पाडायचं ठरायचं. गेडिस आधी चालायचा. पहाटेपासून गल्लीबोळांतून फिरायचा, नकाशावर विहीर, देऊळ, पार, झाड, पडकी भिंत टिपून ठेवायचा. त्याच्या या पद्धतीला राखून केलेली शस्त्रक्रिया म्हणता येईल. डॉक्टर जसा आधी रोग्याला तपासतो, मग लागेल तेवढंच कापतो, तसं. तंजावरच्या किल्ल्यातल्या वस्तीचं उदाहरण त्याने नकाशांनिशी मांडलं. सरळ रस्त्यांची योजना कितीतरी घरं पाडणार होती. गेडिसने मोडकळीला आलेली मोजकी घरं काढून त्या जागी छोटे चौक केले, झाडं सुचवली आणि बाकीची घरं जागच्या जागी ठेवली. हवा तेवढीच आली आणि खर्च अगदी थोडा. ठाणे, वांद्रे यांच्यासह मुंबई इलाख्यातल्या सहा गावांविषयीही १९१५ मध्ये त्याने असेच अहवाल दिले. मच्छर होतात म्हणून तळी बुजवायला निघालेल्यांना तो मासे आणि बदकं पाळायला सांगे. घरातलं तुळशीवृंदावन त्याला फार महत्त्वाचं वाटे. ज्या अंगणात रोज सकाळी बाई झाडून, सारवून तुळशीला पाणी घालते, तिथल्या आरोग्याची निम्मी व्यवस्था आधीच झालेली आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

१९१७ हे साल त्याच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट. थोरला मुलगा ॲलेस्डेर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. तार आली तेव्हा ॲना तापाने आजारी होती. गेडिसने तिला ती बातमी सांगितली नाही. जूनमध्ये कलकत्त्यात ती गेली. मुलगा गेल्याचं तिला अखेरपर्यंत कळलं नाही. जेम्स कोर्टच्या चौकात जिच्या हातांनी कामाला सुरुवात झाली होती, ती परक्या देशात गेली आणि बावन्न-त्रेपन्न वर्षांचं वय असावं अशा ऐन कर्तेपणात नव्हे, तर साठी ओलांडल्यावर हा माणूस एकटा पडला.

इंदूरची दिवाळी याच सुमाराची. गावात प्लेगची भीती होती आणि नकाशा घेऊन हिंडणारा हा साहेबच प्लेग आणतो, अशी पोरांत वदंता होती. गेडिसने होळकर महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि जाहीर केलं, की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या वस्तीतली घरं सगळ्यांत स्वच्छ आणि नीट दुरुस्त केलेली असतील, तिथून जाईल. मग काय विचारता! गावभर झाडलोट सुरू झाली. घरोघरचा कचरा फुकट वाहून न्यायला गाड्या लावल्या, हजारो गाड्या कचरा निघाला. मिरवणुकीत देवदेवता होत्या, घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अवाढव्य उंदीर होता. आणि त्यामागून शहराचे सफाई कामगार, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुलांनी सजवलेले झाडू खांद्यावर घेऊन चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली. माझ्या त्या वृद्ध यजमानांच्या वडिलांनी हे सगळं लहानपणी पाहिलं होतं.

१९१९ ते १९२४ गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक होता. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे संस्कृतचे अभ्यासक. त्यांना गेडिसनेच निवडून समाजशास्त्र शिकायला विलायतेला पाठवलं. त्याच्यामागे ते विभागप्रमुख झाले आणि आपल्या देशातल्या समाजशास्त्राचा पाया त्यांनी घातला. गेडिसने जगदीशचंद्र बोस यांचं चरित्र लिहिलं, ते १९२० मध्ये आलं. तेल अवीवचा आराखडा त्याने १९२५ मध्ये केला. शेवटची वर्षं फ्रान्समध्ये माँपेलिए इथे गेली. तिथेही त्याने एक वसतिगृह बांधायला काढलं होतं, अर्थातच पैशांची ओढाताण करत. एकदा नाकारलेला सर हा किताब त्याने १९३२ च्या आरंभी स्वीकारला आणि त्याच वर्षी १७ एप्रिलला तो माँपेलिएलाच वारला.

इंदूरहून परतल्यावर मी कसब्यातल्या त्या जागेकडे मुद्दाम गेलो. चार मजली इमारत उभी होती. खाली दुकानं, आड बुजवलेला. वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंपैकी एक बाई तिथेच नव्या घरात राहत होत्या. त्यांना वाड्याचं फारसं दुःख नव्हतं. घरात नळ आहे, घरात संडास आहे, रात्री-अपरात्री चौक ओलांडून जावं लागत नाही, हे त्यांनी मला स्वयंपाकघर दाखवत सांगितलं. वाड्यांची हळहळ करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ऐकायला हवं. गेडिस असता तर त्याने त्या बाईंना दोष दिला नसता. त्याने वाड्याच्या दुरुस्तीची सुरुवात संडासापासूनच केली असती. त्या मालकांनी माझ्याकडे पैसे मागितले होते ते नेमके त्यासाठीच, आणि तो अर्ज परत करणारा मी होतो.

गेल्या दिवाळीत सदाशिव पेठेतल्या एका परिचितांकडे फराळाला गेलो होतो. तिघा भावांचा वाडा आहे. पाडायचा की राखायचा, यावर घरात दोन तट पडले आहेत आणि बँकेतला माणूस म्हणून त्यांनी मला सल्ला विचारला. मला ठाम उत्तर देता आलं नाही. पाऊस किती झिरपतो, कोणाला जिने चढवत नाहीत, धाकट्याच्या मुलीचं लग्न कधी आहे, हे सगळं त्या उत्तरात येतं. वाडा राहायला सोयीचा नसेल तर नुसत्या अभिमानावर तो टिकणार नाही, आणि सोयीचा करता येत असेल तर तो पाडण्याची घाई कशाला, एवढंच मी म्हणालो.

मग एक वही मागून घेतली आणि थोरल्या भावाबरोबर मी वाडा पाहायला निघालो. दिंडी दरवाजापासून सुरुवात केली. कुठली तुळई कुजली आहे, कुठली ठणठणीत आहे, न्हाणीघर कुठे हलवता येईल, मागची पडवी काढली तर माजघरात उजेड येईल का, असं एकेक लिहीत गेलो. धाकटा भाऊ आधी ओट्यावरच बसून राहिला होता. माजघरापर्यंत पोचलो, तेव्हा तो टॉर्च घेऊन मागे येऊन उभा राहिला. दोन खोल्या आणि माळा राहिला आहे. पुढच्या रविवारी पुन्हा जायचं आहे.